अक्षरास काम द्यावे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाची कीर्ती पाण्यामुळे झाली, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. १९८९ साली पोपटराव पवार यांच्याकडे सरपंचपद आल्यानंतर, वर्षाकाठी ४०० मिलिमीटरांच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या या पर्जन्यछायेतील गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांचे व्रत घेऊन आपल्या उघड्याबोडक्या डोंगरउतारांवर पाणी कसे अडविले, आणि अडविलेले पाणी पुरवून वापरण्यासाठी ऊस, केळी यांसारख्या पिकांचा मोह कसा आवरला, ही हकीकत आजवर पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्यातील दोनच गोष्टींकडे मला येथे पालकांचे व प्राथमिक शिक्षकांचे लक्ष वेधावयाचे आहे, कारण त्यांचा धागा लहान मुलांच्या हस्ताक्षरापर्यंत येऊन पोहोचतो. पहिली गोष्ट अशी की, गाव सुधारावयाचे ठरल्यावर या लोकांनी जी कामे अग्रक्रमाने हाती घेतली त्यांत शाळेचे काम होते. वर्गखोल्यांसाठी जमीन गावकऱ्यांनी दिली आणि अंगमेहनतही गावकऱ्यांनीच केली. दुसरी गोष्ट अशी की, हे गाव पडलेला पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि तो सर्वांना दिसेल असा लिहून लावते. त्या लेखी आकड्यांच्या आधारावर येत्या हंगामात कोणती पिके घ्यावयाची याचा निर्णय ग्रामसभेत होतो. म्हणजे येथे वाढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर एक असा फलक आहे की ज्यावरचे अक्षर वाचून मोठी माणसे आपले वागणे बदलतात.

मुलाला लेखनाची गोडी लागावी अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी या फलकाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा असे मला वाटते. लिहिण्याचा सराव मुलांना कंटाळवाणा होतो, याचे कारण बहुतेक वेळा मुलांच्या आळसात शोधले जाते. वस्तुतः ते आपण त्यांच्यासमोर ठेवलेल्या कामाच्या निरर्थकपणात असते. ‘क’ हे अक्षर पानभर लिहून आणावे असा हुकूम सुटतो, पान भरते, त्यावर तांबड्या शाईची खूण होते, आणि ते पान पुन्हा कोणीही वाचत नाही. सहा वर्षांच्या मुलालाही हे चांगले कळते की आपल्या या लिहिण्याची जगात कोणाला गरज नव्हती. मग ते वेठीने राबणाऱ्या माणसाप्रमाणे काम उरकते. ज्या अक्षराची कोणी तरी वाट पाहत आहे, ते अक्षर मात्र मूल जीभ बाहेर काढून, मान तिरपी करून, सर्वस्व पणाला लावून लिहिते. म्हणून सरावाचे सगळे उपाय सांगताना माझा भर एकाच गोष्टीवर राहील : अक्षरास काही काम द्यावे.

तथापि काम अंगावर पडण्यापूर्वी हात तयार असावा लागतो, आणि येथेच आपल्या उतावीळपणामुळे पहिला घात होतो. मनगटात आठ लहान हाडे असतात. ती जन्मतः कूर्चेच्या रूपात असून वर्षानुवर्षे हळूहळू पक्की होत जातात, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलात हे काम अर्ध्या वाटेवरच असते. अशा कोवळ्या हातात चौथ्याच वर्षी पेन्सिल कोंबून त्याला दुरेघी वहीच्या अरुंद पट्टीत बसविणे म्हणजे पुढे आयुष्यभर पुरणारी नावड त्याच्या मनात पेरणे होय. या वयात अक्षर गिरविण्यापेक्षा चिमूट तयार करणे अधिक महत्त्वाचे, आणि ती तयार करण्याची साधने खेड्यातल्या घरात पावलोपावली पडलेली असतात. भुईमुगाच्या शेंगा सोलणे, वाटाण्याचे दाणे काढणे, तांदळातले खडे वेचणे, कणकेचे लहान गोळे वळणे, फाटक्या कापडावर जाड सुईने धावदोरा घालणे, दोरीला गाठ मारून ती सोडविणे, या सर्व कामांत अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांचा तोच सहकार घडतो जो पुढे पेन्सिल धरताना लागतो.

या सर्वांत रांगोळीचे स्थान मी सर्वांत वरचे मानतो. सारवलेल्या अंगणात उकिडवे बसून रांगोळी घालणाऱ्या एखाद्या आजीच्या हाताकडे क्षणभर निरखून पाहावे. पूड अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरलेली असते, मधल्या बोटाचा तिला खालून आधार असतो, आणि चिमटीचा दाब किंचित सैल करताच धार सुटते व आवळताच तुटते. रेघ जाड हवी की बारीक, हे सर्वस्वी त्या दाबावर ठरते. मनगट जमिनीला टेकलेले नसते, म्हणून हालचाल खांद्यापासून बोटांपर्यंत सलग येते. पेन्सिलीवर किती जोर द्यावा हे ज्या मुलाला कळत नाही, ज्याच्या कागदाला भोके पडतात आणि टोके सारखी मोडतात, त्याला हेच ज्ञान रांगोळीच्या चिमटीतून न रागावता मिळते. ठिपक्यांच्या रांगोळीत तर ठिपक्यांची समान अंतरावरची मांडणी, उभ्या, आडव्या व तिरप्या रेघा आणि ठिपक्याला वळसा घालून परत येणारी गोलाई, असा अक्षरांचा जवळजवळ सगळा कच्चा माल असतो. चार ठिपके चार ओळी येथून आरंभ करावा. हे काम मुलींचे म्हणून मुलग्यांना त्यापासून दूर ठेवू नये, हे वेगळे सांगावयास नको. पण अजूनही सांगावे लागते, म्हणून सांगतो.

हात असा सैल आणि समर्थ होऊ लागला म्हणजे धूळपाटी काढावी. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलांची लेखनाशी पहिली ओळख फळीवर पसरलेल्या धुळीतूनच होत असे, आणि मला ही पद्धत अतिशय शहाणपणाची वाटते. घरात ती करावयास काही खर्च नाही. एका परातीत किंवा काठाच्या ताटात चाळून घेतलेली बारीक वाळू अथवा कोरडी तांबडी माती बोटाच्या पेरभर जाडीची पसरावी, आणि मुलाने तर्जनी व मध्यमा जोडून तीत अक्षर काढावे. काढताना त्याचा उच्चार मोठ्याने करावा. ताट हलविले की पाटी पुन्हा कोरी होते. चूक झाल्याची कोणतीही निशाणी मागे राहत नाही, यात या साधनाचे मोठेपण आहे. खोडरबराने कागद काळा होतो आणि त्या काळ्या डागाकडे पाहून मूल खट्टू होते. धूळ मात्र काहीच लक्षात ठेवीत नाही. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडल्यानंतर खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवून घेण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यामागील तत्त्व हेच आहे की अक्षराचे वळण डोळ्यांच्या आधी स्पर्शाने अंगात मुरावे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात परदेशी महागड्या साधनांच्या जागी भोवतालच्या माती, बिया, पाने, शंख-शिंपले यांचा उपयोग करून त्यांनी हे सिद्ध करून दाखविले की गरीब वस्तीतल्या मुलालाही उत्तम साधने मिळू शकतात.

उन्हाळ्यात आणखी एक मौज करता येते. ओसरीवरच्या शहाबादी फरशीवर किंवा दगडी भिंतीवर, पाण्यात बुडविलेल्या रंगाच्या कुंचल्याने अक्षर लिहावयास द्यावे. नगरकडच्या उन्हात शेवटचे अक्षर लिहून होईतो पहिले वाळू लागते, आणि आपले नाव उडून जाण्याच्या आत पुरे करावयाचे अशी शर्यत मुले आपणहून लावतात. यासाठी अर्धी वाटी पाणी पुष्कळ झाले. हिवरे बाजारसारख्या गावातल्या मुलाला पाण्याची ही काटकसर शिकवावीही लागणार नाही.

आता अक्षरांच्या क्रमाविषयी. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर बसविलेला आहे आणि पाठांतरासाठी तो अप्रतिम आहे. परंतु हाताच्या दृष्टीने तो अत्यंत गैरसोयीचा आहे. ‘क’ नंतर ‘ख’ आणि ‘ख’ नंतर ‘ग’ लिहिताना हाताला दर वेळी नव्याच वळणाशी झुंजावे लागते. म्हणून लेखनासाठी अक्षरे आकाराच्या नात्याने घ्यावीत. ग, म, भ, न हा गट शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याहून गमतीचा गट पुढचा. ‘व’ च्या पोटात तिरपी रेघ ओढली की ‘ब’ होतो आणि उजव्या बाजूला शेपूट काढले की ‘क’ होतो. हीच दोन्ही कामे ‘प’ वर केली तर तिरप्या रेघेने ‘ष’ मिळतो आणि शेपटाने ‘फ’. हे रहस्य मुलाला आपण होऊन सांगू नये. व, ब, क एका ओळीत आणि प, ष, फ त्यांच्या खाली असे लिहून ठेवावे आणि थांबावे. दोन ओळींचे नाते जेव्हा त्याचे त्यालाच उमगते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो कोणत्याही चॉकलेटने विकत मिळत नाही. त्याचप्रमाणे ट, ठ, ढ यांचे एक घराणे. आणि ‘र’ ला धरून ‘स’ व ‘ख’ यांचे दुसरे. ‘र’ आणि ‘व’ फार जवळ आले तर त्यांचा ‘ख’ होऊन बसतो, ही गोष्ट दोन अक्षरांमध्ये किती अंतर ठेवावे हे समजाविण्यास फार उपयोगी पडते.

ज्या जोड्यांत मुले हटकून गोंधळतात त्या घ-ध, म-भ, य-थ या होत. यांवरचा उपाय शिरोरेखेत आहे. ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ यांच्या डोक्यावरची रेघ मध्येच तुटलेली असते, तर ‘घ’, ‘म’, ‘य’ यांच्यावरची सलग असते. शिरोरेखा शब्द पुरा झाल्यावर शेवटी ओढावी, अक्षरागणिक ओढू नये, म्हणजे शब्द एकसंध दिसतो आणि रेघ कोठे तोडावयाची याचा विचार मूल थांबून करते. मोडी लिपीत याच्या उलट रीत होती; तेथे कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग तिला लटकवीत अक्षरे झपाझप लिहून काढी, कारण पेशव्यांच्या दप्तरातील कामाचा रेटाच तसा होता. मोठ्या मुलांना एखादा जुना मोडी कागद दाखवून ही गोष्ट सांगितली तर लिपी ही माणसांनी आपल्या सोयीने घडविलेली वस्तू आहे, हे त्यांना समजेल. अंकांतही असाच एक चकवा आहे : ३ आणि ६ हे एकमेकांची आरशातील प्रतिमा आहेत, आणि १ व ९ यांतही घाईने लिहिताना गफलत होते. त्यांचा सराव वेगळा आणि सावकाश घ्यावा. ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन-दोन रूपे मुलांच्या पाहण्यात येतात. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेसंबंधी काढलेल्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ स्वीकारला आहे, तेव्हा घरात आणि शाळेत तेच एक वळण ठेवावे, नाहीतर आई एक शिकविते आणि बाई दुसरे, यात मुलाची निष्कारण ओढाताण होते.

या सर्व गटांच्याही आधी मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाची अक्षरे शिकवावीत, मग ती कितीही अवघड असोत. आपले नाव लिहिता येणे हा मालकीहक्काचा पहिला दस्तऐवज आहे. तो मुलाच्या पाटीवर, पेल्यावर, छत्रीवर आणि पलंगाच्या कडेवर उमटू लागला तर मोठ्यांनी थोडे सोसावे.

सरावाचा कित्ता वहीवर घालून देण्याची वेळ आली की एका बारीकशा गोष्टीकडे लक्ष द्यावे, जिच्याकडे सहसा कोणी देत नाही. पानाच्या माथ्यावर शिक्षकाने सुंदर अक्षर काढून दिलेले असते. मूल पहिली ओळ त्याच्याकडे पाहून लिहिते, दुसरी ओळ आपल्याच पहिल्या ओळीकडे पाहून लिहिते, आणि सहाव्या ओळीपर्यंत ते आपल्या पाचव्या ओळीतल्या चुकांचा इमानेइतबारे कित्ता गिरवीत असते. परिणामी पान जसजसे खाली जाते तसतसे अक्षर बिघडत जाते. याला उपाय सोपा आहे. कागदाची एक पट्टी मुलाजवळ द्यावी आणि लिहून झालेली प्रत्येक ओळ तिने झाकण्यास सांगावे, म्हणजे नजर पुन्हा मूळ कित्त्याकडे जाते. तीन किंवा चार ओळींहून अधिक लिहवून घेऊ नये. लिहून झाल्यावर पट्टी काढून, या सर्वांतले तुला सर्वांत चांगले वाटणारे अक्षर कोणते, असे विचारून त्याच्याभोवती मुलाकडूनच गोल करवून घ्यावा. मूल बहुधा अचूक निवड करते. आपले अक्षर कोठे साधले हे ज्याला दिसू लागले, त्याला ते कोठे चुकले हे ओरडून सांगण्याची गरज फारशी उरत नाही.

बसण्याविषयी आणि साधनांविषयी थोडक्यात सांगतो. मूल खुर्चीवर बसत असेल तर त्याचे पाय लोंबकळू नयेत, खाली पाट द्यावा. जमिनीवर मांडी घालून बसत असेल तर समोर चौरंग किंवा उतरते डेस्क असावे, पोटावर झोपून लिहू देऊ नये. पेन्सिल तोकडी असावी. लांब पेन्सिल लहान मुठीत तोल जाऊन डुलते, आणि खडूचा किंवा पाटीवरच्या पेन्सिलीचा अर्धा तुकडा बोटांना आपोआप नीट जागेवर आणतो. पाटी अजून सर्वस्वी कालबाह्य झालेली नाही, आणि ती घरात असावी असे माझे आग्रहाचे मत आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून मिळावा.

डावखुऱ्या मुलांसंबंधी मात्र दोन वाक्यांत आटोपता येणार नाही, कारण त्यांच्यावर आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला आहे. डाव्या हाताने लिहिणे ही वाईट सवय आहे अशा समजुतीने मुलांच्या बोटांवर छड्या बसल्या, जेवणाच्या नियमाचा दाखला देऊन लिहिण्याचा हात बदलविला गेला, आणि त्यातून अनेकांच्या मनात लेखनाविषयी कायमची धास्ती बसली. हात बदलण्याची सक्ती कदापि करू नये. मराठी डावीकडून उजवीकडे लिहिली जात असल्याने डावखुऱ्याचा हात त्याने नुकतेच लिहिलेले अक्षर झाकतो व पुसतो, ही त्याची खरी अडचण आहे. त्यावर कागदाचा माथा थोडा उजवीकडे कलवावा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरावयास शिकवावी, म्हणजे लिहिलेले दिसत राहते आणि मनगट वाकडे करून वरून लिहिण्याची जी अवघड सवय लागते ती टळते. त्याचा उजेड उजवीकडून असावा. वर्गात त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी त्याचे रोजचे भांडण ठरलेले.

इतकी तयारी झाल्यावर अक्षरास काम देण्याच्या मूळ मुद्द्याकडे वळू. हिवरे बाजारच्या फलकावर जे घडते ते प्रत्येक घराच्या भिंतीवर लहान प्रमाणात घडू शकते. जूनच्या आरंभी एक सपाट बुडाचे आणि सरळ उभ्या कडांचे काचेचे भांडे अंगणात, झाडापासून व वळचणीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावे. कडा सरळ असतील तर भांडे रुंद असो की अरुंद, त्यात साचलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पडलेला पाऊस, आणि ती साध्या मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजता येते. रोज सकाळी ठरावीक वेळी मुलाने ती मोजावी, भांडे रिकामे करावे आणि दारामागे टांगलेल्या कागदावर नोंद करावी : तारीख, वार, पाऊस किती, आणि एक वाक्य. ‘आज ओढा वाहिला.’ ‘रात्री वीज चमकली पण पाऊस नाही.’ ‘शेतात वाफसा नाही, बाबा घरी आहेत.’ अशा वाक्यांत जोडाक्षरे येतात, अनुस्वार येतात, अंक येतात, आणि शेतावर जाण्यापूर्वी वडील तो कागद वाचून जातात. ३ आणि ६ यांची अदलाबदल झाली तर घरात प्रश्न उपस्थित होतो. चूक सुधारण्यासाठी शिक्षकाला काही करावेच लागत नाही. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी शून्य लिहावयाचे, आणि नगरकडच्या पावसाळ्यात शून्ये पुष्कळ असतात. यास्तव गोल अक्षराचा सरावही होतो.

याच जातीची कामे आणखी अनेक सापडतील. डेअरीला किती दूध घातले त्याची घरची नोंद मुलाकडे सोपवावी. मसाल्याच्या डब्यांवर, पुढील हंगामासाठी बांधून ठेवलेल्या बियाण्याच्या पुरचुंड्यांवर, लोणच्याच्या बरणीवर नावे व तारखा लिहिण्याचा अधिकार त्याचा असावा. किराणा आणावयाचा असेल तर यादी त्याने लिहावी आणि ती दुकानदाराला वाचता आली पाहिजे अशी अट ठेवावी. दुकानदार हा या बाबतीत फार निःपक्षपाती परीक्षक असतो. हिवरे बाजारसारख्या गावात, जेथे बाहेरून सतत पाहुणे येतात, तेथे कडुनिंब, करंज, चिंच, सीताफळ अशी झाडांची नावे पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहून ती झाडांजवळ रोवण्याचे काम शाळेतील मुलांनी घेतले तर पाहुण्यांची सोय होईल आणि ‘करंज’ वरचा अनुस्वार नेमका कोठे द्यावयाचा याची चर्चा मुले आपसांत करतील. पाटी झाडाला खिळ्याने ठोकू नये, जमिनीत खुंटी रोवून तिच्यावर बसवावी.

पोस्टकार्डाचा उपयोग तर सर्वांनी करावा. त्याची किंमत अजून ५० पैसे आहे, आणि लहान मुलाच्या लेखनशक्तीला त्याचा आकार अगदी मापात बसतो. पुण्यामुंबईस राहणाऱ्या आजीला, मामाला किंवा आत्याला महिन्यातून एक कार्ड मुलाने स्वहस्ते लिहावे, पत्ता व पिनकोडही त्यानेच घालावा, आणि पेटीत टाकण्यास त्याला घेऊन जावे. मात्र पलीकडच्या माणसाला आधीच ताकीद द्यावी की उत्तर हातानेच लिहून पाठविले पाहिजे, फोनवर पत्र पोहोचल्याचे सांगून भागणार नाही. उत्तर न आलेले पत्र मुलाला वहीतल्या निर्जीव पानाइतकेच निरर्थक वाटते. पत्र लिहिण्यापूर्वी मजकूर पाटीवर खर्डा म्हणून लिहू द्यावा. नक्कल करताना अक्षर अधिक चांगले येते आणि ते का यावे हेही मुलाला ठाऊक असते.

हिवरे बाजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर महाराज गीतेचा अर्थ सांगत असताना सच्चिदानंदबाबा नावाच्या पुरुषाने तो आदराने लिहून घेतला, म्हणून ज्ञानेश्वरी आपल्या हाती आली. या जिल्ह्यातील मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी, आणि ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी हा अर्थ सांगितला असे मानतात तो नेवाशाचा खांबही जमल्यास दाखवावा. त्या गोष्टीवर एक खेळही बसविता येतो : एका मुलाने आपल्या आजोबांकडून एखादी जुनी आठवण ऐकावी, आजोबा ती सांगत असतानाच दुसऱ्याने लिहून घ्यावी आणि मग ती त्यांनाच वाचून दाखवावी. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे जमते. अक्षर इतके स्पष्ट हवे की घाईने लिहिलेलेही वाचता यावे, ही गरज या खेळात आपोआप निर्माण होते.

त्याहून मोठ्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात केलेले लेखनक्रियेचे निरूपण समजावून सांगावे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळी सरळ याव्यात, शाई काळीभोर असावी, कडेची जागा सोडावी, ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिलेले दिसावे, इतका बारीक तपशील त्या संताने ओव्यांत बांधून ठेवला आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी वाचता येणार नाही, हे बजावण्यासही ते विसरलेले नाहीत. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याची काळजी वाहावी, ही भावना मुलांच्या मनात रुजविण्यास याहून चांगले वाङ्मय मला ठाऊक नाही.

सरावाच्या वेळेसंबंधी कडक शिस्त असावी, पण ती मोठ्यांनी पाळावयाची आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलास दहा मिनिटे पुरेत, आठ-नऊ वर्षांच्या मुलास पंधरा ते वीस. घड्याळ पाहून थांबावे, मूल आणखी लिहू म्हणत असेल तरी थांबावे. उद्याची ओढ आजच्या अपुरेपणात असते. खेळावयाच्या वेळेत किंवा पेंगुळलेल्या डोळ्यांनी बसवून हा सराव घेऊ नये. आणि शिक्षा म्हणून लेखन कधीही देऊ नये. ‘मी वर्गात बोलणार नाही’ हे वाक्य शंभरदा लिहावयास लावणारा शिक्षक बोलणे थांबवितो की नाही कोण जाणे, लिहिणे मात्र नक्की थांबवितो.

चूक दाखविताना एका वेळी एकच दाखवावी. आज अंतराकडे पाहू, उद्या उंचीकडे, असे म्हटले तर मुलाला पेलते. गिचमिड आहे, किरटे आहे, कोंबडीचे पाय आहेत, असले शेरे त्याला काहीही शिकवीत नाहीत. त्याच्या अक्षराची तुलना भावंडाच्या अक्षराशी करू नये. दर महिन्याचा एक कागद तारीख घालून एका फायलीत ठेवावा, आणि सहा महिन्यांनी जूनचा व नोव्हेंबरचा कागद शेजारी ठेवून मुलालाच पाहू द्यावे.

इतके सगळे प्रेमाने करूनही काही मुलांना लिहिणे खरोखरच जड जाते. आठवे वर्ष उलटले तरी अक्षरे उलटी पडतात, दोन ओळींत हात दुखतो, तोंडी उत्तर चोख येते पण कागदावर उतरत नाही, अशी लक्षणे दिसली तर अधिक सराव हा त्यावरचा उपाय समजू नये. नजर तपासून घ्यावी, आणि अध्ययन-अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे मुलाला न्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी केल्यास मार्ग सापडतो. अशा मुलांना रीतसर प्रमाणपत्र असल्यास राज्याच्या परीक्षा मंडळाकडून जादा वेळ आदी सवलती मिळतात, आणि त्या मागण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शाईच्या पेनाची घाई करू नये. दुरेघी वहीत अक्षराची उंची न सांगता सारखी येऊ लागली, आणि पोस्टकार्डाच्या कोऱ्या भागावर रेघ न आखताही ओळ फारशी चढेना-उतरेना, म्हणजे हात तयार झाला असे समजावे. बहुतेक मुलांत ही अवस्था तिसरी-चौथीच्या सुमारास येते. त्या वेळी एक साधे, मऊ निबाचे पेन घेऊन द्यावे, ते भरावयास, धुवावयास आणि पुसावयास शिकवावे. बोटे निळी झाल्याबद्दल रागावू नये.